उत्तरेच्या बांगड्या

१

चौऱ्याहत्तर सालच्या मार्गशीर्षातली गोष्ट. साताऱ्याहून निघालेली एसटी सांगलीच्या स्टँडवर लागली तेव्हा साडेदहा वाजले होते. एकेकाळच्या गाजलेल्या नटी विजयमालाबाई खाली उतरल्या आणि त्यांना न्यायला आलेल्या सयाजी मास्तरांचं तोंड पाहूनच त्यांना कळलं, काहीतरी आक्रीत घडलंय.

"बाई, पडदा गेला," मास्तर म्हणाले. नमस्कार करायचंही त्यांना सुचलं नाही.

"कुठला पडदा?"

"दर्शनी. काल संध्याकाळी मी डोळ्यांनी पाहिला. आज सकाळी जागेवर नाही. कुलूप शाबूत, खिडक्या शाबूत. तीस फुटी पडद्याची गुंडाळी, दोन माणसांनी उचलायची वस्तू, आणि हवेत विरून जावी तशी गेली!"

मास्तर हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचे आणि उरलेल्या वेळात चंद्रप्रभा नाट्यगृहाचं चिटणीसपद बिनपगारी सांभाळायचे. टांग्यात बसल्यावरही ते बोलतच राहिले. बाईंचं अर्धं लक्ष रस्त्याकडे होतं. त्यांच्या उमेदीच्या काळात या गावात तीन नाटकघरं होती. पेठेच्या तोंडाशी असलेल्याचा सिनेमा झाला. दुसऱ्याच्या दारावरून टांगा गेला तेव्हा हळदीचा वास नाकात शिरला. जिथे कधीकाळी पेटीचा पहिला सूर लागला की हजार माणसं गप्प व्हायची, तिथे आता छतापर्यंत पोती रचली होती. राहिलं होतं ते तिसरं, चंद्रप्रभा. आणि तेही परवापर्यंतच, असं दिसत होतं.

भानगड अशी होती. हळदीचे बडे व्यापारी लालासाहेब, त्यांच्या आजोबांनी एकोणीसशे अकरा साली चंद्रप्रभेला जागा दिली ती एका अटीवर. वर्षातून एक तरी नाटक इथं झालंच पाहिजे. एक वर्ष जरी कोरडं गेलं तरी जागा वारसांकडे परत. आता लालासाहेबांनी दावा लावला होता की त्रेचाळीस साल कोरडं गेलं. त्या वर्षी लढाईची धामधूम, महागाई. एकच मंडळी सांगलीत आली, आणि तिचाही खेळ झाला नाही असं त्यांचं म्हणणं. नाट्यगृहाच्या जुन्या वह्या, हस्तपत्रकं पुरात वाहून गेलेली. मागे उरला होता दर्शनी पडदा. खेळ संपला की मुख्य नटानं किंवा नटीनं त्या पडद्याच्या पाठीवर सही करायची, ही चंद्रप्रभेची पहिल्या दिवसापासूनची चाल. अकरा सालापासूनचं एकेक वर्ष त्या पाठीवर नांदत होतं.

"शनिवारी अकरा वाजता कोर्टाचे कमिशनर पडदा बघायला येणार," मास्तर म्हणाले. "त्रेचाळीसच्या 'कंकणभंग'वर तुमची सही आहे. तुम्ही शपथेवर सांगायचं, ही माझी सही, मी ते काम केलं. संपला दावा! आणि आज गुरुवार, आणि पडदा नाही."

सही बाईंचीच होती, त्यात वाद नव्हता. मात्र त्रेचाळीसच्या अक्षय्य तृतीयेला त्या सांगलीत नव्हत्याच. त्या दिवशी त्या साताऱ्यात बोहल्यावर उभ्या होत्या.

२

चंद्रप्रभेचा दरवाजा राहीबाईनं उघडला. बाई कंपनीत होत्या तेव्हा ही त्याच कंपनीतली विशीतली पोर होती. रंगमंच झाडायची, बाईंच्या वेण्या घालायची, पाण्याचा तांब्या घेऊन विंगेत उभी राहायची. आता केस पांढरे झाले होते. कंपनी मोडल्यापासून ती इथंच, रंगमंचामागच्या खोलीत राहायची.

"आला का बाई? लय वाळला वो," म्हणत ती पाया पडली आणि चहा टाकायला गेली.

रंगमंचाच्या मागच्या भिंतीला लाकडी घोड्यांवर पडद्यांच्या गुंडाळ्या आडव्या ठेवल्या होत्या. सहाच्या पाच झालेल्या. बाईंनी जुन्या मैत्रिणी भेटाव्यात तसा एकेकीवरून हात फिरवला. रस्ता, महाल, तुरुंग, बाग. दर वेळी बोटं काळी व्हायची आणि दर वेळी त्या ती रुमालाला पुसायच्या. शेवटचं जंगल. ते अंगानं सगळ्यांत जाड. पडदे रंगवणाऱ्या शमशेरचाचांनी त्याच्या झाडांवर रंगाचे थरच्या थर चढवले होते. त्यावरून हात फिरवताना बाईंना तेच आठवलं.

"किल्ल्या कुणाकडे?"

"तीनच. एक माझ्याकडे, एक राहीबाईकडे. तिसरी शमशेरचाचांच्या मुलाकडे, रसूलकडे. पडद्याच्या कडा उसवल्या होत्या, त्या शिवायला तो आठवडाभर येतोय." मास्तरांनी आवाज उतरवला. "त्या रसूलनं मागे दोनदा मला विचारलं होतं, हा पडदा मुंबईच्या म्युझियमला द्या म्हणून. आणि लालासाहेबांचं काय सांगावं? त्यांच्या शब्दाखातर दहा माणसं कुलपाची किल्ली करून आणतील."

"आणि तुम्ही, मास्तर?"

मास्तर हिरमुसले. "मलाही संशयितांत घेता? घ्या. नव्या गोदामाची व्यवस्था बघा म्हणून लालासाहेबांनी मला निरोप धाडला होता, तेही ऐकून ठेवा. मी नाही म्हटलं."

बाई हसल्या. नाटकघरापायी ज्यांनी बायकोची बोलणी पंधरा वर्षं खाल्ली, ते पडदा पळवतील यावर त्यांचा विश्वास नव्हता. पण विचारणं भाग होतं. त्या रंगमंचाच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. कडेला कबुतरांची घाण, कोपऱ्यांत जळमटं. पायाखालच्या फळ्या मात्र लख्ख होत्या.

राहीबाई चहा घेऊन आली. कप देता देता तिनं विचारलं, "बाई, पडदा न्हाई घावला तर मग शपत घ्याया लागत न्हाई न्हवं?"

"कशावर घेणार? पडदाच नसला तर साक्ष कसली?"

"मग बेस झालं," राहीबाई पुटपुटली. लगेच सावरून म्हणाली, "न्हाई, थंडीचं दिस हायेत. तुमी कशाला हाल काडता? जावा साताऱ्याला माघारी."

बाईंच्या हातातला कप तोंडाशी जाता जाता थांबला. ज्या पोरीचं एवढं आयुष्य या छपराखाली गेलं, तिला पडदा गेल्याचं दुःखच कसं नाही?

३

रसूलचं दुकान स्टँडमागच्या बोळात होतं. भिंतीला टेकलेल्या सिनेमाच्या फलकावर तो एका नायिकेचा गाल रंगवत होता. बाईंना पाहून त्यानं ब्रश टाकला आणि स्टूल पुसून पुढं केलं.

"मलाच इचारायला आला ना तुमी? इचारा. व्हय, म्या मागितला होता पडदा. अब्बांचं काम हाय ते. उद्या तिथं हळदीची पोती लागली की त्याची पायपुसणी होतील. पण चोरीन कशाला? आणि चोरून ठेवू कुठं, या बोळात?" तो चिडला होता, चिडता चिडता त्याचे डोळे भरले. "आठ दिवस शिवतोय तो. सुई वल्ली करताना सुदीक जपतोय. अब्बांचे रंग सगळे सरसातले. पाणी लागलं की पडदा रडतो."

"सगळे?"

"एक सोडून. जवसाच्या तेलात खललेला हिंगूळ असायचा एका डब्यात, दर्शनी पडद्यावरच्या कमळांसाठी. तो लाल पाण्यानं हालत न्हाई. अब्बा म्हणायचे, बाकीचं सगळं जाईल, कमळं ऱ्हातील."

लाल. बाईंना एकदम चव्वेचाळीस साल आठवलं. लग्नानंतर पंधरा दिवसांत त्यांचा नवरा, कृष्णात, पलटणीत परतला आणि वर्षाच्या आत तो लढाईत पडल्याची तार आली. त्या पुन्हा कंपनीत आल्या, एका हंगामापुरत्या. सांगलीचा खेळ संपल्यावर सही करायला पडद्यामागे गेल्या तेव्हा मागच्या वर्षाच्या ओळीत शमशेरचाचांच्या हातचं 'त्रेचाळीस, अक्षय्य तृतीया, कंकणभंग' एवढं लिहिलेलं, आणि पुढे सहीच्या जागी लाल अंगठा. "कुणा खुळ्यानं उमटवलाय," मॅनेजर म्हणाला. "शोभत नाही. बाई, त्यावर तुम्हीच करून टाका सही." त्यांनी ब्रश काळ्यात बुडवला आणि केली. अंगठा कुणाचा, हे त्यांनी विचारलं नव्हतं. तीस वर्षांत एकदाही नाही.

संध्याकाळी लालासाहेब स्वतःच त्यांच्या मुक्कामी, मास्तरांच्या घरी आले. फेटा काढून मांडीवर ठेवला आणि सरळ विषयाला हात घातला.

"बाई, गावात बोलत्यात, पडदा म्या पळवला. मला सांगा, पडदा पळवून माझा काय फायदा? पडदा न्हाई म्हटल्यावर कोर्ट तारीख वाढवंल, मास्तर धा साक्षीदार हुबं करंल. मला तर पडदा पायजे! तुमची शपत पायजे!"

"का?"

लालासाहेबांनी मांडीवरच्या फेट्यावरून हात फिरवला. "आमचं चुलतं आणि तुमचं मालक एका पलटणीत. चुलत्यांच्या ट्रंकंत तुमच्या लग्नाचा फोटू हाय. मागं तारीख घातल्याली. वकील म्हणतो, आधी शपत घेऊ द्या, मग फोटू काढू." त्यांनी मान खाली घातली. "हे तुमाला सांगाय नको होतं. पण लढाईत पडलेल्या जवानाची बायको भर कोर्टात खोटी पडलेली मला बघवणार न्हाई. दावा मी लढीन. तुमी तेवढी शपत घेऊ नका."

"हे वकिलाशी कुठं बोललात?"

"चंद्रप्रभेतच की. मंगळवारी जागा बघाय गेलो होतो. रंगमंचावर बसून च्या घेतला."

ते गेल्यावर बाई दिव्यासमोर बसून राहिल्या. चोर त्यांनी नाटकघराच्या शत्रूंत शोधला होता. आता कळलं, पडदा नाटकघराला बुडवायला नेलेला नव्हता. कुणीतरी तो त्यांना वाचवायला नेला होता.

४

शुक्रवारी सकाळी मास्तरांच्या ओसरीवर एक म्हातारा येऊन बसला होता. धोतर, वर खाकी कोट, हातात काठी. बाई बाहेर येताच त्यानं काठी खाली ठेवून हात जोडले.

"जोतीराम म्हनत्यात मला. कुपवाडचा. पूर्वी रान होतं, आता रानात कारखानं झालं. त्येच्याच येका फाटकावर राखणीला असतोय. ऐकलं, बाई आल्यात. म्हनलं, मरायच्या आदी येकदा पाय बगावं."

"बसा, बाबा. चहा घ्या."

"च्या नगं. त्रेचाळीस सालचं तुमचं नाटक बगितलंय आमी. बारा गाड्या जुपून आलो होतो कुपवाडातनं. जल्मात तेवढं येकच नाटक बगितलं, बाई, दुसरं बगू वाटलं न्हाई."

बाई ओशाळल्या. हे त्यांना नवं नव्हतं. त्रेचाळीसच्या 'कंकणभंग'ची तारीफ करणारी माणसं त्यांना आयुष्यभर भेटत आली होती. पाटणच्या बाजारात, खंडाळ्याच्या बसमध्ये. लोक सालाचा घोटाळा करतात, असं समजून त्या हसून मान तुकवायच्या.

"सालात चूक होत असेल, बाबा."

"चूक कशी हुईल? त्या साली माजा थोरला झाला. सांगलीचं लोक 'खेळ न्हाई' म्हनून उठून गेलं, आमी बसून ऱ्हायलो. आमचं बैल सोडल्यालं, रातचं जायाचं कुटं? मग पडदा वर गेला." म्हातारा आता बाईंकडे बघतच नव्हता. "ती उत्तरा. लढाईत नवरा पडल्याचा निरोप येतो आन् ती दोनी हात भुईवर आपटती, बांगड्या फुटत्यात. मग खाली बसून येकेक काच येचती. बोलती आन् येचती, पदरात घालती. जनू कुणाच्या पायात भरंल. आमच्यातल्या बाया तवा ज्या रडल्या, त्या गाडीत बसंपतोर रडत हुत्या."

बाई त्याच्यासमोर उंबऱ्यावर बसल्या.

त्यांनी उत्तरा दीडशे वेळा केली होती. बांगड्या फोडल्या की ताठ उभं राहायचं, नजर वर लावायची आणि पद सुरू करायचं. काचा तिथंच पडून राहायच्या. अंक संपल्यावर कुणीतरी त्या झाडून न्यायचं. कोण, ते बघायला त्या कधी थांबल्या नव्हत्या.

साल चुकलेलं नव्हतं. चुकलं होतं ते माणूस.

"मास्तर," बाईंनी आत हाक मारली, "चंद्रप्रभेची किल्ली घ्या. पडदा कुठं आहे ते मला कळलंय."

५

"राही, जंगल उलगड."

राहीबाई पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, पण उठली नाही. "आजच का? उद्या साहेब येनार हायेत तवा..."

"आत्ता."

मास्तर आणि राहीबाईनं मिळून गुंडाळी रंगमंचावर आणली आणि ढकलत नेली. जंगलाची झाडं एकेक करून उलगडली, आणि सहाव्या झाडापाशी जंगलाच्या पोटातून दर्शनी पडद्याची लाल कमळं बाहेर आली. दोन्ही पडदे एकावर एक ठेवून एकाच बांबूला गुंडाळलेले होते.

"कसं वळखलंसा?" राहीबाईनं विचारलं.

बाईंनी कालचा रुमाल काढला. त्यावर बोटांचे काळे पट्टे होते, चार. "पाच पडद्यांना हात लावला मी. धूळ चारांवरच होती. पाचवा कुणीतरी पुसला होता. आणि जिथं अंथरून गुंडाळला, तेवढीच जागा झाडलेली. चोर आला की घाण करून जातो, राही. इथला चोर साफसफाई करून गेला."

"घान ठिवून कसं जायाचं वो?" राहीबाई म्हणाली. जणू चोरीपेक्षा तेच लाजिरवाणं असतं.

"मंगळवारी वकिलाचं बोलणं ऐकलंस ना?"

"च्या देत हुते. वकील म्हनला, बाईला शपत घेऊ दे, मग भर कोर्टात खोटी पाडू. हसत हुता मेला." तिचा आवाज चढला. "मग पडदाच नसला तर कशावर घ्याल शपत? लपीवला. येकेक टोक उचलत खाली घेतला, पोटात घातला जंगलाच्या, तसाच वर ठिवला."

"आणि नाटकघर गेलं असतं म्हणजे? तुझी खोली? कुठं गेली असतीस?"

"गेले असते कुटंबी. मला कोन वळखतंय? तुमाला सारा मुलूख वळखतो."

बाईंनी दर्शनी पडद्याची कड उलटली. पाठीवर वर्षांच्या ओळी होत्या. त्रेचाळीसच्या पुढे त्यांची काळीभोर, झोकदार सही. आणि तिच्याखालून, डाग झिरपावा तशी, लाल छटा.

"हा अंगठा कुणाचा?"

राहीबाईनं उजवा हात पदराखाली घेतला. तेवढं पुरे होतं.

मग ती बोलू लागली. "तुमी न सांगता गेलासा. म्यानेजर म्हनला, खेळ न्हाई. पर गाडीवालं लोक उठंनात. शमशेरचाचा म्हनलं, ह्या पोरीला सगळं पाठ हाय, घाला हिला उबी. तांब्या धरून इंगेत हुबी ऱ्हायाची न्हवं मी, वरीसभर. गानी मला येत न्हाईत, ती पेटीवाल्यानं नुसती वाजवली. बोलनं तेवढं बोलले. मग चाचा म्हनलं, सही कर. म्या म्हनलं, येत न्हाई. तवा त्येंनी डब्यात अंगठा बुडीवला."

"आणि मला सांगितलं नाहीस? इतक्या वर्षांत?"

"काय सांगू? तुमचं काम तुमच्या माघारी केलं. चोरीच की ती." राहीबाईनं सहीवरून नजर काढून घेतली. "म्होरल्या साली तुमी आला, अंगठ्यावर सही केलीसा. म्हनलं, बाईंनी आपलं हुतं ते माघारी घेतलं. बेस झालं."

बाईंनी अंगठ्यावरच्या आपल्या सहीवरून बोट फिरवलं.

६

शनिवारी अकराला कमिशनर आले. वयस्क वकील, जाड भिंगांचा चष्मा. एका बाजूला लालासाहेब आणि त्यांचा वकील, दुसऱ्या बाजूला मास्तर आणि रसूल. मास्तरांनी बोलावलेला जोतीराम समोर, प्रेक्षकांच्या पिटातल्या बाकावर काठी धरून बसला होता. पडदा रंगमंचावर पाठ वर करून अंथरलेला होता.

"ही सही तुमची?" कमिशनरांनी विचारलं.

"माझी. आणि ती खोटी आहे," विजयमालाबाई म्हणाल्या.

लालासाहेबांच्या वकिलाच्या हातातला फोटो हातातच राहिला.

"त्या दिवशी माझं लग्न होतं. फोटो दाखवायची गरज नाही. ही सही मी पुढच्या वर्षी केली, दुसऱ्याच्या खुणेवर. रसूल, वाटीभर पाणी आण."

"बाईजी," रसूल कळवळला, "अब्बांचा पडदा..."

"पाठीची बाजू आहे, बाबा. माझं नाव तेवढं पुसायचंय. साहेब, तुमच्यासमोर पुसू का?"

कमिशनरांनी आधी सही नीट न्याहाळून कागदावर टिपली आणि मान हलवली. बाई गुडघ्यांवर बसल्या. ओल्या रुमालानं त्यांनी आपलंच नाव हलक्या हातानं टिपलं. सरसातला काळा रंग सुटला, रुमालावर आला. शेजारची शमशेरचाचांची लाल अक्षरं आणि सहीखालचा लाल अंगठा जसेच्या तसे राहिले, रेघा मोजता येतील इतके स्पष्ट. कमिशनरांनी राहीबाईला बोलावून शाईत अंगठा घेतला, भिंगाखाली दोन्ही ठेवले आणि बराच वेळ पाहिलं.

"अंगठा हिचाच दिसतो," ते म्हणाले.

"असंल," वकील उसळला. "झाडूवालीनं गंमत म्हणून उठवलेला! त्यानं नाटक झालं असं कुठं ठरतं? पाहणारा कोण?"

मास्तरांनी जोतीरामला वर आणलं. कमिशनरांनी विचारलं, "त्या दिवशीची उत्तरा या दोघींपैकी कोण?"

म्हाताऱ्यानं विनासायास विजयमालाबाईंकडे बोट केलं. "ह्या की."

"नीट बघा, बाबा. ती मी नव्हते. ही राहीबाई."

जोतीरामनं राहीबाईला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग तो कसनुसा हसला. "थट्टा करता व्हय गरिबाची? ह्या झाडनाऱ्या. ती उत्तरा म्हंजे..." वकिलाच्या चेहऱ्यावर हसू आलं. राहीबाईला मात्र त्यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही; ती बाजूला होऊन चहाचे रिकामे कप गोळा करू लागली.

बाईंना हे होणार याची शंका होतीच. सकाळीच त्यांनी कासाराकडून डझनभर हिरव्या बांगड्या आणवल्या होत्या. त्यांनी पिशवीतून त्या काढल्या, हातात चढवल्या. तीस वर्षांत त्यांच्या हातात काच चढली नव्हती. मग एकदम खाली वाकून दोन्ही हात फळ्यांवर आपटले. खळ्कन् आवाज झाला आणि काचा रंगमंचभर उडाल्या. बाई ताठ उभ्या राहिल्या, पूर्वी राहायच्या तशाच.

"अगं बया!" राहीबाईनं कप ठेवले. ती धावत मधोमध आली, उकिडवी बसली आणि एकेक काच वेचून पदरात घालू लागली. कोण बसलंय, कोण बघतंय, याचं तिला भान नव्हतं. तिसरी-चौथी काच उचलताना तिचे ओठ हलायला लागले. आधी नुसतेच; मग शब्द ऐकू आले, संथ, स्वच्छ, तिच्या नेहमीच्या बोलीतले नव्हेत असे.

"हात तर माझे दोनच होते, सखे. एवढ्या काचा कुठून गं आल्या?"

पिटातल्या रिकाम्या बाकांपर्यंत ते शब्द गेले. जोतीरामच्या हातातून काठी पडली. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"ह्याच," तो म्हणाला. "आवं, ह्याच त्या."

राहीबाई काचा पदरात घेऊन कपबशा धुवायला आत गेली. जोतीराम त्या रात्रीचं सगळं सांगू लागला, गाडीत रडणाऱ्या बायांसकट, आणि कमिशनर लिहीत होते. शेवटी लालासाहेब उठले.

"वकीलसाहेब, गुंडाळा कागद. आज्यानं अट घातली ती नाटक झालं पायजे म्हणून. कुणी केलं पायजे, हे न्हाई लिवलं त्यानं." पायरी उतरता उतरता ते थांबले. "मास्तर, दावा काढून घेतो. पण नाटकं कोण आणणार आता, ते तुमचं तुमी बघा."



७

दुपारच्या एसटीला राहीबाई पोचवायला आली. रसूलनं अंगठ्याशेजारी काही लिहू का, म्हणून विचारलं होतं. बाईंनी नाव सांगितलं आणि त्यानं ते तेलातल्या लालानं लिहिलं. राहीबाईला ते वाचता येत नव्हतं. तिनं फक्त विचारलं, "घान तर न्हाई न्हवं दिसत?"

बाई खिडकीशी बसल्या. खाली राहीबाई गजाला धरून उभी राहिली. तुला मी कधी विचारलंच नाही, एवढं बाईंच्या ओठांशी आलं होतं. पण एवढंसं वाक्य आता कुणाच्या कामाचं होतं?

"बाई," राहीबाईच म्हणाली. ती लाजली होती, विशीतल्या पोरीसारखी. "त्यो म्हातारा काय म्हनाला वो? गाडीत बाया रडल्या म्हनून? म्या कपबशा धुवाय गेले, नीट ऐकाय न्हाई आलं. परत सांगा की."

विजयमालाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्या खिडकीतून बाहेर वाकल्या आणि सांगू लागल्या. जोतीराम जे बोलला ते सगळं. मग पाटणच्या बाजारातल्या भाजीवालीचं. तिनं पैसे घेतले नव्हते, म्हणाली होती, तुम्ही काचा उचलल्या त्या मी विसरले नाही. तेव्हा बाईंना वाटलं होतं, भाजीवाली भलतंच काही बोलतेय. मग खंडाळ्याच्या बसमधला तो माणूस, ज्यानं उठून जागा दिली होती. मग साताऱ्यातली म्हातारी, जिनं त्यांच्या हाताचा मुका घेतला होता. इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावाची पत्रं आपल्या पेटीत पडून राहावीत, तशी ती माणसं बाईंच्या आठवणीत साठली होती. त्या एकेक काढून देत होत्या आणि राहीबाई मान वर करून ऐकत होती.

कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. गाडी हलली. राहीबाई गज न सोडता दोन पावलं चालली, चार पावलं चालली.

"आनि?" तिनं विचारलं.

अजून बरंच सांगायचं राहिलं होतं.